महालक्ष्मीला ब्राह्मण पाहिजे

नागपुरात अजूनही कोणी ना कोणी मला विचारतं, "तुम्ही झुरिचला होते म्हणे शिकायला. कसं असते हो तिकडे?" विचारणाऱ्याला बर्फ, घड्याळं आणि चॉकलेट एवढंच ऐकायचं असतं. मी तेवढंच सांगतो आणि सुटका करून घेतो. खरं म्हणजे त्या शहरात मला बर्फापेक्षा नागपूरच जास्त भेटलं, आणि तेही रामदासपेठेतलं, बंगलेवाल्यांचं. पण हे सांगायला बसलं की चहा थंड होतो आणि पाहुण्याचं तोंड उतरतं.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून मी धातुशास्त्र शिकायला गेलो होतो. विद्यापीठाबद्दल माझी तक्रार नाही. भट्टी सगळ्यांसाठी सारखीच तापते. माझी तक्रार आहे ती प्रयोगशाळेचं दार बंद झाल्यानंतरच्या शहराबद्दल. इतका पैसा आणि इतका कमी आनंद मी एका जागी कधी पाहिला नाही. रविवारी धुणं वाळत घालायचं नाही, खिळा ठोकायचा नाही, रात्री दहानंतर आंघोळ करायची नाही. तळघरातल्या धुण्याच्या खोलीत प्रत्येक भाडेकरूचा वार ठरलेला. तो चुकला की पुढचा वार येईपर्यंत मळके सदरे घालून फिरा. आमची घरमालकीण दिवसातून दोनदा दारांच्या मुठी पुसायची. एकदा मी कांदा परतला, तर तिनं जिन्यातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या आणि ऐन थंडीत तिथं कुडकुडत उभी राहिली. मला मात्र एका शब्दानं बोलली नाही. तिकडच्या सभ्यतेची हीच रीत. माणसाला काही बोलायचं नाही, खिडक्या उघडायच्या.

तिच्या घरातल्या खोलीत माझ्याबरोबर काटोलकडचा एक मुलगा राहायचा. घरी संत्र्याच्या बागा, बापानं हौसेनं यंत्रविद्या शिकायला पाठवलेला. जातीनं ब्राह्मण. पण त्यांच्या खेड्यात ब्राह्मणाचं घर एकच, सगळं लहानपण शेतावरच्या सालदारांच्या पोरांबरोबर बागेत गेलेलं, त्यामुळे त्याची बोली नखशिखांत वऱ्हाडी. मले, तुले, काहून, जाऊन राहिलो. झुरिचच्या ट्राममध्येही तो शेताच्या बांधावरून हाक मारल्यासारखा बोलायचा आणि अख्खा डबा मागं वळून पाहायचा. खाण्यापिण्याचं त्याला काही वावडं नव्हतं. विद्यापीठाच्या खानावळीत गोमांसाची सॉसेजेस तो मोहरी लावून खायचा आणि माझ्या ताटात उरलेलीही उचलायचा.

माझं नेमकं उलटं. आमचं घर बौद्ध. छप्पन्न साली आईबापांनी नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा मी बापाच्या खांद्यावर होतो. बाप शाळामास्तर. त्याचा एकच हट्ट होता, की बोलण्यावरून आपली पायरी कोणाला कळता कामा नये. आई घरात मले-तुले बोलायची, पण आम्ही पोरं तसं बोललो की पाठीत धपाटा बसायचा. शाळेत मला हट्टानं संस्कृत घ्यायला लावलं. त्यामुळे मी बोलतो ते असं, पुस्तकातल्यासारखं. बापाची इच्छा पूर्ण झाली, फारच पूर्ण झाली.

त्या शहरात नागपूरचं एक जोडपं होतं. आम्ही त्यांना काका आणि काकू म्हणायचो. काका रंगांच्या कारखान्यात मोठे रसायनशास्त्रज्ञ. टेकडीवर त्यांचं स्वतःचं घर, खाली तळं दिसायचं. महिन्यातून एखाद्या रविवारी ते आम्हा दोघांना जेवायला बोलवायचे आणि आम्ही अधाशासारखे जायचो. काकू गोळाभात करायच्या, वर फोडणीचं तेल ओतायच्या. त्या जेवणाचे उपकार मी नाकारत नाही. पण त्या भातावर तेलाबरोबर रामदासपेठही ओतलेली असायची. आमचा बंगला, आमची बाग, आमच्याकडे येऊन गेलेले मोठमोठे लोक. काका वाइनचा पेला हातात फिरवत म्हणायचे, "मी पक्का नास्तिक आहे. जातपात, देवधर्म, सगळं मी विमानतळावर सोडून आलो." काकू त्यांच्याकडे कौतुकानं पाहायच्या आणि पुढची वाटी भरायच्या.

पहिल्या भेटीतच त्यांनी आमची आडनावं विचारून घेतली होती. पण माझं आडनाव गावावरून पडलेलं, मागे 'कर' लावलेलं, ते कोणाचंही असू शकतं. त्याचं वतनावरून आलेलं, तेही चार जातींत सापडतं. पुढे विचारणं त्यांच्या नास्तिकपणाला शोभलं नसतं. मग त्यांनी आपल्या कानांवर विश्वास ठेवला. आपल्याकडच्या शिकलेल्या माणसाला कानानं जात ओळखता येते असा फार गर्व असतो. मित्रानं "काकू, मले आणखी वाढा" म्हटलं की त्या हसून म्हणायच्या, "मले नाही रे, मला म्हणावं. ह्याच्याकडून शीक जरा." ह्याच्याकडून म्हणजे माझ्याकडून. एकदा काका तळ्याकडे बघत कुठलासा श्लोक आठवू लागले आणि दुसऱ्याच चरणाला अडखळले. मी तो पूर्ण केला. त्या दिवसापासून काकू मला अहोजाहो करतात की काय अशी भीती वाटायला लागली.

पुढच्या उन्हाळ्यात घरमालकिणीनं घर विकायला काढलं. ते पाडून तिथं कचेरी होणार होती. सप्टेंबरअखेर खोली सोडा, असं तिनं आम्हाला नम्रपणे सांगितलं आणि जाताना दाराची मूठ पुसली. त्या शहरात घरं बदलायचेही दिवस ठरलेले, म्हणजे सगळेच एकाच वेळी खोल्या शोधत होते. मी जर्मन बरं बोलायचो, म्हणून फोन मी करायचो. फोनवर खोली रिकामी असायची. मी दारात उभा राहिलो की ती तेवढ्यातच गेलेली असायची. एका बाईनं तर "खोली देणे आहे" ही पाटी हातात धरूनच मला सांगितलं की खोली गेली. मी चिडायचो, शिव्या द्यायचो, पण मनातून खरोखर घाबरलो होतो. परीक्षा तोंडावर होती. डोक्यावर छप्पर नसेल तर त्या देशात राहायचा परवाना जातो, आणि परवाना गेला की नागपूरचं तिकीट. बापाला काय तोंड दाखवणार होतो?

काकूंच्या कानावर हे गेलं आणि त्या म्हणाल्या, "मग आमच्याकडे का येत नाहीस? वरची खोली नुसती पडून आहे. एकच आहे, नाहीतर दोघांनाही म्हटलं असतं." मला इतकं हलकं वाटलं की मी त्यांना वाकून नमस्कार केला. हो, केला. मित्र म्हणाला, "जा बे तू, माह्यं मी पाहून घेईन." तो असाच होता, स्वतःच्या उद्याची फिकीर नाही.

भाद्रपद आला. आमच्या नागपूरकडे महालक्ष्म्यांचं केवढं प्रस्थ, हे तिकडच्या माणसाला सांगून कळायचं नाही. दोघी बहिणी घरात येतात, जेवतात, जातात, आणि त्या तीन दिवसांत घरची बाई देवीपेक्षा जास्त दमते. काकूंनी मुखवटे नागपूरहून साड्यांच्या घडीत गुंडाळून आणलेले होते. धडांसाठी कोट अडकवायचे दोन स्टँड. सोळा भाज्यांसाठी त्या सबंध शहर पालथं घालत होत्या. नास्तिक काका गाडी चालवत होते.

सणाच्या आधीच्या रविवारी आम्ही दोघं तिथं गेलो. चहा-चिवडा झाला आणि काकू माझ्याकडे वळल्या.

"तुझ्याकडे एक काम आहे हं. सवाष्ण मिळाली, ह्यांच्या ऑफिसातली एक मद्रासी बाई येणार आहे. पण ब्राह्मण नाही. दरवर्षी एक पुण्याचे गृहस्थ यायचे, त्यांची बदली झाली. तेव्हा यंदा आमचा ब्राह्मण तू. उपाशी यायचं, सोवळं मी देईन. आणि मग त्याच दिवशी सामानही घेऊन ये. देवीच्या पायगुणानं खोलीत राहायला येशील."

मला काय वाटलं म्हणून सांगू? आधी हसू आलं. मग क्षणभर असंही मनात आलं की गप्प बसावं. खोली होती, परीक्षा होती, बापानं भाषा शिकवली ती ह्यासाठीच असेल असंही वाटून गेलं. पण ह्या घरात ब्राह्मण म्हणून पाटावर बसायचं आणि वर जाऊन झोपायचं, रोज, वर्षभर? माझ्या आईनं देव्हाऱ्यातले देव स्वतःच्या हातानं कापडात बांधून नदीत सोडले होते. तिच्या पोरानं कोटाच्या स्टँडसमोर पुरणपोळी खाऊन खोली मिळवायची? छे.

"काकू," मी म्हणालो, "तुमची चूक होतेय. आम्ही बौद्ध. माझ्या आईवडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली. तुम्हाला ब्राह्मणच पाहिजे असेल तर तो हा."

मित्र चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होता. त्यानं मान वर केली. "हाव, मीच व्हय तो."

"तू?" काकूंच्या तोंडून निघालं. त्यांच्या चेहऱ्यावर एका वेळी दोन घरं कोसळत होती.

"मंग? तुम्हीच कधी विचारलं नाही."

"गोत्र काय तुझं?"

"आता ते मायले विचारा लागते."

काकूंनी गोत्र सोडलं आणि आजोळ धरलं. मामा कुठले, मामी कोणाकडची, मावशी कुठे दिली. काही मिनिटांतच असं निघालं की त्याची मावशी आणि काकूंच्या बहिणीची सासू चुलत बहिणी. "अगंबाई! म्हणजे तू तर आपल्यातलाच निघालास!" वर्षभर ज्याचं 'मले' त्या दुरुस्त करत होत्या, तेच आता त्यांना गोड वाटू लागलं. "गावाकडची बोली किती छान असते नाही, कशी अगदी मातीतली!" असं त्या काकांना म्हणाल्या. काका पेल्याच्या तळाशी काहीतरी शोधत होते.

"आम्ही मानत नाही हं," काका शेवटी मला म्हणाले. "तुला माहीतच आहे. हिचं आपलं व्रत असतं. तुमच्या लोकांबद्दल तर मला फार आदर आहे."

"आणि खोलीचा ह्याच्याशी काही संबंध नाही," काकू घाईनं म्हणाल्या. मी खोलीचं नावही काढलं नव्हतं. मग त्यांनी माझ्या बशीत आणखी चिवडा घातला, वर एक लाडू ठेवला, तो संपायच्या आत दुसरा. भेदरलेल्या माणसांचा आग्रह ओळखता येतो. मी दोन्ही लाडू खाल्ले, कारण लाडवांवर माझा राग नव्हता.

दोन-तीन दिवसांनी घरमालकिणीच्या फोनवर काकांचा फोन आला. आवाज प्रयोगशाळेतला, मोजून मापून. वरच्या खोलीला रंग द्यायचा निघाला आहे. भिंतींना ओल आली आहे. शिवाय काकूंचा भाऊ नागपूरहून यायचं म्हणतोय, नक्की नाही, पण म्हणतोय. तेव्हा सध्या तरी जरा अडचणच आहे. मी म्हटलं, ठीक आहे. त्यांनी इतक्या मोठ्यानं सुस्कारा टाकला की तो फोनमधून ऐकू आला. एवढा शिकलेला माणूस, आणि धड एक थाप मारता येऊ नये!

इकडे मित्र वेगळ्याच पेचात. "जानवं नाही बे माह्यापाशी," तो म्हणाला. "मशिनमंदी धुवाले टाकलं होतं सदऱ्यासंगं, त्याचा गोळाच होऊन आला. मंग फेकून देल्लं." सोवळं नेसून उघड्या अंगानं पाटावर बसायचं तर जानवं पाहिजेच. शेवटी मी घरमालकिणीकडून रफूचं पांढरं सूत मागून आणलं आणि आम्ही दोघांनी मिळून पलंगाच्या दांडीला गाठ मारून ते वळलं. किती पदर, कशी गाठ, त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही. दिसायला ठीक दिसलं. एका बौद्धानं स्विस सुताचं जानवं वळायचं, गोमांस खाणाऱ्यानं ते गळ्यात घालायचं आणि ह्या दोघांच्या पुण्याईवर काकूंची महालक्ष्मी जेवायची. मी हसून हसून खाली बसलो. तोही हसत होता, पण म्हणाला, "तू नको हासू यार. मले कसंसंच होऊन राहिलं."

तो जेवायला गेला आणि मी खोली शोधायला. स्टेशनच्या मागं इटलीहून आलेल्या गवंड्यांची वस्ती होती. शहर त्यांच्या हातून उभं राहायचं आणि त्यांच्याकडे नाक मुरडायचं. तिथं एका म्हाताऱ्या मुकादमानं मला एकच प्रश्न विचारला, की घोरण्याचा त्रास होतो का. मी नाही म्हणालो. तो म्हणाला, पहिल्या रात्रीनंतर पुन्हा सांग. मला एक खाट मिळाली. खोलीत तिघं जण, खिडकी रुळांकडे, आणि कांद्याचा वास जिन्यात भरलेला. अभ्यासासाठी ह्याहून वाईट जागा शोधूनही सापडली नसती.

मित्र परतला तो पोट सांभाळत. आमच्या जुन्या खोलीत येऊन पलंगावर आडवा झाला. मग म्हणाला, "एक सांगू? रागावू नको."

"खोली तुला दिली."

"तुले कसं मालूम?"

"रंग?"

"रंगाचं काही बोलले नाही गा ते." तो उठून बसला. "मी काय करू सांग. मलेही छप्पर पाहिजेच ना बे. माह्यी जर्मन तर तुले मालूमच हाये, मले कुत्रंही खोली देत नाही."

खरंच होतं ते. त्याच्यावर मला रागवता येईना, ह्याचाच मला जास्त राग. तो नाही म्हणाला असता तरी खोली मला मिळणार नव्हती. पण त्यानं एकदा तरी नाही म्हणून पाहायला हवं होतं. मी तसं म्हणालो नाही. मी दुसऱ्याच दिवशी गवंड्यांकडे राहायला गेलो, तो शनिवारी जाणार होता. त्याची लोखंडी ट्रंक एकट्यानं उचलण्यासारखी नव्हती, म्हणून त्यानं विचारलं, जरा हात लावशील का. मी हो म्हणालो. दोस्तीखातर नव्हे. मला ती ओल बघायची होती.

ट्राममधून उतरून टेकडी चढेपर्यंत आम्ही घामाघूम झालो. दार काकूंनी उघडलं. मला पाहून त्या थोड्या दचकल्या, पण लगेच सावरल्या. "ये ये, तूही आलास, छान झालं. आधी वर नेऊन ठेवा, मग चहा घेऊ." त्या पुढं, मग ट्रंकेचं वरचं टोक धरून उलटा चढणारा मित्र, आणि खालचं टोक धरून मी. अर्ध्या जिन्यावरून मला वरची खोली दिसली. दार सताड उघडं होतं. भिंतीवर तोच तपकिरी फुलांचा जुना कागद, खडखडीत कोरडा. टेबलावर नवा दिवा, पलंगावर घडी न मोडलेली चादर. काकूंनी माझी नजर पाहिली असावी. त्या कठड्यावर हात ठेवून थांबल्या आणि मनापासून, अगदी डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या,

"तुझी काही सोय झाली का रे? मला तुझी फार काळजी वाटते. इथली माणसं वाईट आहेत. नुसता रंग बघतात आणि दारातूनच परत पाठवतात."

ढोंग नव्हतं ते. ढोंग असतं तर मी ट्रंक वर नेऊन ठेवली असती, चहाही घेतला असता. त्या बाईला खरोखरच काही कळलेलं नव्हतं.

"काकू," मी म्हणालो, "ते दारातूनच परत पाठवतात. आधी जेवायला बोलावत नाहीत."

मित्रानं मान खाली घातली. मी ट्रंकेचं माझ्याकडचं टोक पायरीवर ठेवलं, ती घसरणार नाही एवढं पाहिलं आणि जिना उतरलो. मागून त्यानं एकदा हाक मारली, "अबे, थांब ना गा." पण त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. मी दार ओढून घेतलं आणि ट्राम पकडून गवंड्यांच्या वस्तीत परत आलो.